दारातला प्रश्न : वैद्यक परवाना परीक्षेच्या हजार वर्षांतून

परीक्षांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा अभ्यासक्रमांचा, प्रश्नपत्रिकांचा आणि निकालांचा. परीक्षार्थी ज्या दारातून आत जातो, त्या दाराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः एखादा समाज आपल्या जाणकारांकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे प्रश्नपत्रिकेइतकेच त्या दारात विचारल्या जाणाऱ्या पहिल्या प्रश्नावरूनही कळते. वैद्यकाच्या परवाना परीक्षेला तर हे विशेषच लागू पडते. साहित्याच्या परीक्षेत परीक्षकाचा अंदाज चुकला तर फार तर एक सुमार अध्यापक निर्माण होतो. येथे तो चुकला तर कोणाचा तरी जीव जातो. म्हणून वैद्याला रोग्यापर्यंत पोहोचू देण्यापूर्वी थांबवून काहीतरी विचारावे, असे समाजांना फार पूर्वीपासून वाटत आले आहे. काय विचारावे, हे मात्र बदलत गेले. त्या बदलाचा थोडा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम आजचे दार पाहू. अमेरिकेत वैद्यकीय व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना जी परीक्षा द्यावी लागते ती ‘यूएसएमएलई’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी आणि दुसरीचा ज्ञानविषयक भाग भारतातल्या केंद्रांवरही देता येतो; तिसरी अमेरिकेतच द्यावी लागते. ‘प्रोमेट्रिक’ या कंपनीच्या केंद्रांत ही परीक्षा होते. ही केंद्रे महाविद्यालयांत नसतात, रुग्णालयांत तर नाहीतच. एखाद्या कार्यालयीन इमारतीतला एक मजला, काचेचे दार, स्वागतकक्ष, लॉकरची रांग आणि आतल्या खोलीत आडोसे घालून मांडलेले संगणक, असे त्यांचे रूप असते. त्याच खोलीत शेजारी कोणी हिशेबनीस, कोणी भाषेचा परीक्षार्थी आपली वेगळीच परीक्षा देत असू शकतो. वैद्यकाचा वास त्या जागेला नाही.

परीक्षार्थ्याने वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे, अशी अपेक्षा असते. हातात हॉलतिकीट आणि छायाचित्र व स्वाक्षरी असलेले, मुदत न संपलेले ओळखपत्र. भारतीय परीक्षार्थ्याच्या बाबतीत बहुधा पासपोर्ट. दोन्हींवरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव अशी त्रिपदी वागवणाऱ्या मराठी माणसाने, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीने तर विशेषच, हे अर्ज भरतानाच पाहून ठेवावे. दारात ती दुरुस्ती होत नाही. घड्याळ, फोन, पाकीट, पुस्तके लॉकरमध्ये जातात. खिसे उलटे करून दाखवावे लागतात, अंगावरून धातुशोधक यंत्र फिरवले जाते, चष्मा काढून तपासला जातो. छायाचित्र आणि बोटाचा ठसा घेतला जातो. आत कागद-पेन्सिल नेता येत नाही. कच्च्या कामासाठी पुसता येणारी पाटी आणि तिच्यावर लिहिण्याचे पेन तेथेच मिळते. पहिल्या पायरीचे सत्र आठ तासांचे, दुसरीचे नऊ तासांचे. प्रश्नांचे गट असतात, आणि गट संपला की मागे वळून पाहता येत नाही. मधल्या सुटीचा वेळ एकूण ठरलेला. तो कसा वाटून घ्यायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. बाहेर जाताना नोंद, आत येताना पुन्हा नोंद आणि पुन्हा झडती. काही हवे असल्यास हात वर करायचा. कॅमेरे सतत पाहत असतात.

महाविद्यालयात वर्षानुवर्षे पर्यवेक्षण केलेल्या आपल्यासारख्यांना यातले फारसे काही नवे वाटणार नाही. फक्त आपण जे आळसावून करतो ते येथे काटेकोरपणे होते, इतकेच. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या संपूर्ण दिवसात परीक्षार्थ्याला माणसाच्या तोंडून जे प्रश्न विचारले जातात त्यांचा वैद्यकाशी काहीही संबंध नसतो. ते सारे फिरून एकाच प्रश्नावर येतात : तू तोच आहेस ना?

हा प्रश्न नेहमीच असा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात याविषयीचे दोन अध्याय लागोपाठ आले आहेत. पहिल्यात शिष्याने हात कसा तयार करावा ते सांगितले आहे : कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेद घेण्याचा, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेध करण्याचा आणि जाड वस्त्रावर शिवण्याचा सराव. त्यापुढच्या अध्यायात असा तयार झालेला वैद्य व्यवसायासाठी रस्त्यावर पाऊल टाकतो. त्याच्याकडून ज्या गोष्टी अपेक्षिल्या आहेत त्यांत शास्त्राचे अध्ययन, प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे, ते स्वतः केलेले असणे आणि राजाची अनुज्ञा यांबरोबरच कापलेली नखे आणि स्वच्छ पांढरी वस्त्रेही आहेत. परवाना आणि नखे एकाच यादीत आहेत, हे मार्मिक आहे. रोग्याच्या घरात शिरणारा माणूस संपूर्ण कसा असावा, असा तो विचार आहे.

राजाची अनुज्ञा प्रत्यक्ष परीक्षा घेऊन देण्याची एक प्रसिद्ध हकीकत बगदादची आहे. तेराव्या शतकातल्या अरबी चरित्रकारांनी ती नोंदवून ठेवली. इ. स. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावल्याचे खलिफा अल्-मुक्तदिर याच्या कानावर गेले. त्याने आज्ञा केली की, सिनान इब्न साबित या राजवैद्याने परीक्षा घेतल्यावाचून शहरात कोणीही वैद्यकी करू नये. आठशे साठांहून अधिक माणसे परीक्षेला आली. नामांकित वैद्यांना आणि दरबारच्या सेवेतील वैद्यांना त्यातून सूट होती. याच प्रसंगातली एक गोष्ट अशी : एक भारदस्त, उत्तम वेषातला वृद्ध आला. सिनानने त्याला मानाने बसवले आणि सर्व गेल्यावर विनयाने विचारले की, आपले गुरू कोण, त्यांच्याकडून आपण काय शिकलात? वृद्धाने बाहीतून सोन्याच्या नाण्यांची पुरचुंडी काढून पुढे ठेवली. आपल्याला धड लिहिता-वाचता येत नाही, पण घरचे पोट यावरच आहे, ते तोडू नये, अशी त्याने विनवणी केली. सिनान हसला. ज्या रोगाची माहिती नाही त्याला हात घालायचा नाही, रक्त काढणे आणि जुलाब देणे हे साध्या दुखण्यांपलीकडे करायचे नाही, या अटीवर त्याने परवानगी दिली. वृद्ध म्हणाला की, जन्मभर हेच तर करत आलो. सिकंजबीन आणि गुलाबाचे सरबत यांपुढे कधी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. गुरू कोण, या प्रश्नाला त्याने वडिलांचे नाव सांगितले. कालचे ते वृद्ध गृहस्थच त्याचे वडील होते. त्यांच्याच पद्धतीने चालतोस ना, मग त्यांच्यापुढे जाऊ नकोस, असे सांगून सिनानने त्यालाही सोडले.

ही गोष्ट वाचून हसू येते, आणि मग जरा अस्वस्थही व्हायला होते. परीक्षा फसली, असे म्हणावे तर सिनानने त्या वृद्धाला अचूक ओळखले होते. आपल्याला काय येत नाही हे ज्याला ठाऊक आहे तो वैद्य फारसा धोकादायक नसतो, हा त्याचा निष्कर्ष कोणत्याही प्रश्नपत्रिकेतून निघाला नसता. पण त्याच वेळी, पुढे ठेवलेली सोन्याची पुरचुंडी, भारदस्त वेष आणि वडिलांची ओळख यांनी त्याच्या निर्णयात किती वाटा उचलला, हेही कोणी सांगू शकत नाही. समोरासमोरच्या परीक्षेचे सामर्थ्य आणि तिचा दोष, दोन्ही या एका प्रसंगात आहेत. बगदादच्या दारातला प्रश्न होता : तू कोणाचा?

लंडनमध्ये तो प्रश्न लॅटिनमधून विचारला जाई. १५११ च्या कायद्याने वैद्यांना परवाना देण्याचे काम बिशपांकडे सोपवले होते. त्यांनी जाणकार वैद्यांच्या साहाय्याने परीक्षा घ्यायची होती. १५१८ मध्ये आठव्या हेन्रीच्या सनदेने वैद्यांचे महाविद्यालय, म्हणजेच पुढचे ‘रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स’, स्थापन झाले आणि लंडन व भोवतालच्या सात मैलांतला अधिकार त्याच्याकडे आला. त्याची तोंडी परीक्षा लॅटिनमध्ये चाले. रोगी कोणत्याही भाषेत कण्हत असो, वैद्य मात्र लॅटिन जाणणाऱ्यांपैकी हवा होता. शस्त्रवैद्य आणि औषधविक्रेते यांच्या परीक्षा वेगळ्या, दर्जाने खालच्या मानल्या गेलेल्या. गंमत अशी की, इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली माणसे याच खालच्या दारांशी भेटतात.

टोबायस स्मॉलेट हा स्वतः नौदलात शस्त्रवैद्याचा साहाय्यक होता. १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘रॉडरिक रँडम’ या कादंबरीत सर्जन्स हॉलमधल्या तोंडी परीक्षेचे चित्र आहे. स्कॉटलंडहून आलेल्या नायकाला आधी गाव विचारले जाते, उमेदवारी कोठे केली ते विचारले जाते, तो पुरेसा काळ शिकलेला नाही म्हणून हिणवले जाते. आणि पुढे एक परीक्षक त्याला विचारतो की, तोफगोळ्याने मस्तक उडालेला माणूस समोर आणला तर तू काय करशील? परीक्षकांचे आपसातले भांडण रंगते आणि परीक्षार्थी बाजूला राहतो. तोंडी परीक्षा घेतलेल्या वा दिलेल्या कोणालाही हे प्रकरण पूर्णतः काल्पनिक वाटणार नाही. दहा वर्षांनी, २१ डिसेंबर १७५८ रोजी, त्याच सर्जन्स हॉलमध्ये ऑलिव्हर गोल्डस्मिथ रुग्णालयातील साहाय्यकाच्या जागेसाठी परीक्षेस बसला आणि अपात्र ठरला. त्याची एका ओळीची नोंद कागदोपत्री शिल्लक आहे. याउलट जॉन कीट्स उत्तीर्ण झाला. १८१५ च्या कायद्याने औषधवैद्यांच्या संस्थेला परवान्याचा अधिकार मिळाला होता, आणि २५ जुलै १८१६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, कीट्सने तिची परीक्षा दिली. तीतही लॅटिन भाषांतराचा भाग होताच. कीट्सने तो परवाना फारसा वापरला नाही, हे सर्वश्रुत आहे. नापास झालेला कादंबरीकार झाला आणि पास झालेला कवी, यातून परीक्षेविषयी कोणताही सिद्धान्त काढू नये हे बरे.

या दारांनी आणखी एक प्रश्न गृहीतच धरला होता, म्हणून तो कधी विचारला नाही : येणारा पुरुषच असणार. १८१२ मध्ये एडिंबरोची पदवी घेऊन पुढच्या वर्षी लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले जेम्स बॅरी सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून मोठ्या पदाला चढले. १८६५ मध्ये त्यांच्या निधनानंतर बाहेर आले की, जन्मतः ते स्त्रीदेहाचे होते आणि त्यांचे मूळ नाव मार्गारेट बल्कली होते. तू तोच आहेस ना, हे विचारणारे यंत्र त्या दारात असते तर ही कारकीर्द सुरूच झाली नसती. त्याच १८६५ साली एलिझाबेथ गॅरेट औषधवैद्यांच्या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाली. कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता, ‘पुरुष’ असा नव्हता. संस्थेला तिला अडवता आले नाही. मग संस्थेने नियम बदलले, खाजगी रीतीने घेतलेले शिक्षण अमान्य केले आणि तिच्यामागे दार लावून घेतले. पुढे १८७० च्या दशकात आयर्लंडच्या वैद्य महाविद्यालयाने स्त्रियांना परीक्षेस बसू दिले तेव्हा कोठे ब्रिटनमधला मार्ग मोकळा झाला. आपल्या रखमाबाई त्यानंतरच्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकून १८९४ मध्ये त्या पात्र ठरल्या.

त्यांच्याही आधी आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. जन्मनाव यमुना, सासरचे आनंदी. आजच्या केंद्राच्या दारात त्यांना दोन नावांचा खुलासा करावा लागला असता. तेव्हा मात्र पेनसिल्व्हेनियात राज्याची स्वतंत्र परवाना परीक्षा नव्हती. महाविद्यालयाची पदवी हीच पात्रता होती. राज्याचे परीक्षक मंडळ १८९३ मध्ये आले. आज परदेशी पदवीधर वैद्यांची पात्रता तपासणारी ‘ईसीएफएमजी’ ही संस्था आणि प्रश्न तयार करणारे ‘नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्स’ हे मंडळ, दोन्ही त्याच फिलाडेल्फियात आहेत. महाराष्ट्रातून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची कागदपत्रे आनंदीबाईंच्या गावाला जातात, असे म्हणायला हरकत नाही.

पदवी पुरेशी नाही, हे अमेरिकेला कळले ते पदव्यांचा बाजार भरल्यावर. फ्रँक डेंट नावाच्या वैद्याचे प्रमाणपत्र वेस्ट व्हर्जिनियाच्या मंडळाने नाकारले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला. वैद्याची पात्रता ठरवण्याचा राज्याचा अधिकार तेथे पक्का झाला. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने सुमार विद्यालयांचे वाभाडे काढले. त्यानंतरच्या काळात अनेक विद्यालये बंद पडली, आणि कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी पाच त्यांत गेली. दर्जा राखण्याचे दार आणि माणसे बाहेर ठेवण्याचे दार एकाच चौकटीत बसवलेले असते, याचे हे लख्ख उदाहरण आहे.

१९१५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मंडळाने पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन येथे पहिली परीक्षा घेतली. ती जवळजवळ आठवडाभर चालली : लेखी, तोंडी, प्रयोगशाळेतली आणि खाटेवरच्या रोग्याजवळची. अवघे दहा परीक्षार्थी होते आणि पाच उत्तीर्ण झाले. खाटेजवळची ही परीक्षा कित्येक दशके टिकली. परंतु १९५० नंतर जॉन हबर्ड यांच्या नेतृत्वाखाली मंडळाने परीक्षकांचीच परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एकाच विद्यार्थ्याला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांचा मेळ बसत नाही, असे आढळले. रोगी वेगळा, परीक्षक वेगळा, दिवस वेगळा, म्हणून निकाल वेगळा. निबंधांची जागा बहुपर्यायी प्रश्नांनी आधीच घेतली होती. १९६० च्या दशकात खाटेजवळची परीक्षाही गेली. त्याच सुमारास, १९५८ पासून, परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा सुरू झाली होती. १९९२ मध्ये सर्वांसाठी एकच ‘यूएसएमएलई’ आली आणि १९९९ मध्ये ती संगणकावर गेली. सिनान आणि वृद्ध यांच्यामध्ये आता पडदा आला.

या पडद्याला केवळ दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. त्याला गाव दिसत नाही, उच्चार ऐकू येत नाही, वडील कोण ते कळत नाही. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला आणि बोस्टनच्या श्रीमंत विद्यार्थ्याला तो एकाच मापाचे प्रश्न विचारतो. रॉडरिक रँडमला हे लाभले असते तर त्याचा अपमान टळला असता. अर्थात परीक्षेची फी, प्रवास आणि तयारीचा काळ हे सर्वांना सारखे परवडत नाहीत. पण तो अन्याय पडद्याचा नव्हे, पडद्याबाहेरचा आहे.

तरीही रोगी हरवला, ही रुखरुख परीक्षकांनाही लागली होती. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये एक युक्ती काढली : धडधाकट माणसाला रोग्याची भूमिका शिकवायची आणि विद्यार्थ्याला त्याला तपासायला लावायचे. सुश्रुताच्या कोहळ्याचा आणि नाट्यकलेचा हा संयोग म्हणावा. ईसीएफएमजीने १९९८ पासून परदेशी पदवीधरांची अशी परीक्षा फिलाडेल्फियात घेतली. पुढे ती सर्वांसाठी दुसऱ्या पायरीचा भाग झाली आणि अमेरिकेतल्या पाच शहरांतच होऊ लागली : बारा नट-रोगी, प्रत्येकी पंधरा मिनिटे, नंतर टिपण लिहायला दहा मिनिटे. केवळ दार ठोठावून आत जाऊन ‘तुम्हांला काय होते आहे?’ असे विचारण्यासाठी आपल्याकडचे तरुण डॉक्टर व्हिसा काढून महासागर ओलांडत. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. खर्च आणि गैरसोय पाहता तिच्यासाठी कोणी फारसे अश्रू ढाळले नाहीत. परदेशी पदवीधरांची संवादक्षमता आता इंग्रजीच्या एका व्यावसायिक परीक्षेवरून पाहिली जाते. लॅटिनचे आसन इंग्रजीकडे आले, एवढेच. आणि २६ जानेवारी २०२२ पासून पहिल्या पायरीचे गुण देणेही थांबले. निकाल फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढाच कळतो.

पडद्याला चेहरा दिसत नाही, याची दुसरी बाजू २०२४ च्या जानेवारीत पुढे आली. नेपाळशी संबंधित आठशेहून अधिक परीक्षार्थ्यांचे निकाल, उत्तरांचे आकृतिबंध संशयास्पद वाटल्यामुळे, मंडळाने अवैध ठरवले आणि पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय पुढे ठेवला. काही जण भेदभावाची तक्रार घेऊन न्यायालयात गेले. निर्णयाला तात्पुरती स्थगिती द्यायला न्यायालयाने नकार दिला. आधीच फुटलेले प्रश्न पाठ करून परीक्षा देणारा डॉक्टर रोग्याला नको आहे, यात शंका नाही. पण ज्याने प्रामाणिकपणे उत्तरे दिली असतील, त्याने ते सिद्ध करावे कसे? त्याच्याजवळ परीक्षकाशी झालेले संभाषण नाही, साक्षीदार नाही. बोटाचा ठसा इतकेच सांगतो की तो तेथे आला होता. त्याला काय येते हे ठसा सांगत नाही.

तू कोणाचा, तुला काय येते आणि तू तोच आहेस ना, हे तीन प्रश्न तीन युगांचे आहेत असे वरवर पाहता वाटेल. पण एकाने दुसऱ्याला कधीच पूर्णपणे हटवलेले नाही. आजच्या केंद्रात उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरला पुढे रुग्णालयाच्या निवड समितीसमोर बसावे लागते, आणि तेथे कोणते महाविद्यालय, कोणाची शिफारस, म्हणजे शेवटी तू कोणाचा, हेच विचारले जाते. मधला प्रश्न, तुला काय येते, हाच सर्वांत कठीण. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी उभे करूनच आजवर तो विचारता आला आहे. सिनानला जे एका हास्यात कळले ते मोजता येत नाही. जे मोजता येते त्यात ते सापडत नाही. आपण साहित्याचे अध्यापक दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना नेमक्या याच पेचात असतो. फरक इतकाच की, आपल्या चुकीची किंमत रात्रीअपरात्री कोणा रोग्याला चुकवावी लागत नाही.